वाचले की कोरा होणारा खण

किश्श्यांचे आणि निर्माल्याचे एकच असते. देवघराच्या कोपऱ्यातल्या परडीत रोज चार फुले पडतात, त्यांचे काही वाटत नाही. आणि एके दिवशी पाहावे तर परडी काठोकाठ भरलेली! टाकवत नाही, ठेवता येत नाही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कचेऱ्या-दवाखान्यांत बसणाऱ्या टेलिफोन एक्स्चेंजच्या कार्डांचे, म्हणजे चिप बसवलेल्या पट्ट्यांचे, आमचे छोटे वर्कशॉप आहे. तिथल्या माझ्या टेबलाशी अशीच एक परडी भरली आहे. आज ती तुमच्यापुढे रिकामी करतो. फुले माझी थोडी आणि रफीकची जास्त. तेच तर दुःख आहे!

आमच्या भजनी मंडळातले लोक मला नेहमी विचारतात, "तात्या, तुमी तितं नेमकं करता तरी काय?"

मी सांगतो, एक्स्चेंज आणि बाहेरून आलेली तार यांच्यामध्ये अंगठ्याच्या नखाएवढी एक काळी चिप बसलेली असते. एका तारेच्या जोडीवरून तीस जणांची बोलणी ती एकाच वेळी ने-आण करते. तिच्या पोटात भरायचे सोळा खण. त्यांना रजिस्टर म्हणतात. प्रत्येक खणात आठ कळा. कोणती वर, कोणती खाली, हे आम्ही बटणे दाबून, छोट्या पडद्यावर पाहून ठरवतो. सोळाही खण नीट लागले तर तीस माणसे बोलतात. एक कळ चुकली तर तीसही मुकी!

आमच्याकडे एक रीत आहे. काम पुरे झाले की कोणत्या खणात काय भरले त्याचा तक्ता पुठ्ठ्यावर लिहून गिऱ्हाइकाकडच्या एक्स्चेंजच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा आणि खाली लावणाऱ्याने आपले नाव घालायचे. वैशालीताई आमच्या मालकीणबाई. त्यांनी यंदा गणपतीत जाहीर केले, "प्रत्येकाचा वेगळा तक्ता आता पुरे. दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत नमुन्याचा एकच तक्ता पाटावर ठेवायचा. पुढे सगळ्या कपाटांत तोच जाईल, त्याच नावाने."

मी वर्कशॉपमधला सर्वांत जुना माणूस. पाटावर माझाच तक्ता असणार, हे मी मनोमन धरून चाललो होतो. षड्रिपूंपैकी पाचांना वयाने परस्पर निरोप दिला आहे. सहावा, मत्सर, मात्र अजून माझ्याच घरी जेवतो. त्याचे कारण रफीक तांबोळी, मुक्काम पोस्ट सुपे.

*

रफीक आमच्याकडे आला तेव्हा त्याला खण भरायला मीच शिकवले. माझी पद्धत ठरलेली. देवाच्या पूजेचे उपचार सोळा आणि चिपचे खण सोळा, हा योगायोग मी कधीच मानला नाही. पहिल्या खणात चिपला जागे करायचे, ते आवाहन. दुसऱ्यात तिला घड्याळाचा ठोका द्यायचा, ते आसन. असे करत करत सोळाव्या खणात लाइन सुरू करण्याची कळ, ती मंत्रपुष्पांजली. प्रत्येक खणानंतर मी क्षणभर डोळे मिटतो.

रफीकने ते सगळे आदराने ऐकून घेतले. मग डाव्या हातात चहाचा कप तसाच ठेवून उजव्या हाताच्या एका बोटाने त्याने सोळाही खण भरले. लाइन लागली! मी तोवर सातव्या उपचारावर होतो.

"तात्या," चहा संपवत तो म्हणाला, "तुमचा देव उठतोय तवर माझ्या चिपची दुपारची झोप बी झाली!"

सगळे वर्कशॉप हसले. मी आठवा उपचार सुरू केला.

*

या सोळांखेरीज चिपमध्ये सतरावा एक खण असतो, तो निराळा. त्यात आपण काही भरायचे नसते. चिपच त्यात दोषाची नोंद करून ठेवते. मध्येच सिग्नल तुटला, ठोका चुकला, की तिथे खूण उमटते आणि कपाटाच्या आत लाल दिवा लागतो. या खणाचा स्वभाव असा, की एकदा कुणी तो वाचला की खूण आपोआप पुसली जाते आणि दिवा हिरवा होतो. दोष पुन्हा घडेपर्यंत खण कोरा!

रफीकला हे ठाऊक नव्हते तेव्हाची गोष्ट. त्याने एक दोष शोधला आणि मोठ्या हौसेने वैशालीताईंना बोलावून आणले. पुन्हा वाचतो तर पडद्यावर काहीच नाही! ताई मान हलवून गेल्या. मला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. मग मी त्याला त्या खणाचा स्वभाव समजावून सांगितला.

तो म्हणाला, "मंजी ह्ये देवळातल्या तीर्थासारखं झालं की तात्या! पळीत एकाचंच तीर्थ. पयल्यानं घेतलं, की मागच्यासाठी पळी कोरी."

इतकी वर्षे मी संतवाणी सांगतो, हातात पळी-पंचपात्र धरतो, आणि हा दृष्टांत मला सुचू नये? तो सुप्याच्या रफीकला सुचावा?

पुढच्या एकादशीला पिंपळीच्या मंदिरात माझे प्रवचन होते. तो दृष्टांत मी सांगितला. पळीचे तीर्थ, चिपचा खण आणि भक्ताचे पाप, असा तिन्हींचा मेळ घातला. लोक डोलू लागले. एक म्हातारबाबा म्हणाले, "तात्या, ह्ये कुठनं सुचलं हो?"

मी नम्रपणे वर पाहिले आणि म्हणालो, "सुचत नसते बाबा. स्फुरते."

तेवढ्यात मागून टाळ्या आल्या. सभामंडपाच्या शेवटच्या खांबाशी रफीक बसला होता. सगळ्यांत मोठी टाळी त्याचीच!

*

शेळगावला फळांचे एक पॅकिंग हाउस आहे. डाळिंब, पेरू धुऊन, निवडून पेट्यांत भरतात. तिथे मध्येच लाइन तुटायची. वैशालीताईंनी रफीकला सांगितले, "उद्या दहा वाजता तिथं पोचा."

मला रात्रभर चैन पडेना. मला का नाही सांगितले? सकाळी पूजा आटोपली, कपाळावर अष्टगंध लावले आणि आठच्या एसटीने मीच शेळगाव गाठले! पॅकिंग हाउसच्या मालकांना म्हणालो, "सहज इकडे आलो होतो, कपाट पाहून जातो." ते पेट्या मोजण्यात गुंतले होते. त्यांनी चावी दिली.

माझा विचार सरळ होता. सरळ म्हणजे वाकडाच, पण मला तेव्हा सरळ वाटला. दोषाचा खण मी आधी वाचायचा. मग रफीक वाचील तेव्हा त्याला तो कोरा दिसेल, तो गोंधळेल, आणि ताई म्हणतील, "तात्यांनाच पाठवायला हवं होतं!"

मी वाचला. ठोका चुकल्याची खूण होती. दिवा लालाचा हिरवा झाला. आता उठून जायचे. पण दोष वाचून तो तसाच ठेवून उठणे माझ्या हातून होईना. देवाला वाहिलेल्या फुलात किडा दिसावा आणि आपण नमस्कार करून बाहेर पडावे, तसे ते झाले असते. मी ठोक्याचा खण दुरुस्त केला, मागचा सैल स्क्रू आवळला आणि समोरच्या टपरीवर चहाला जाऊन बसलो.

दहा वाजता रफीक आला. मीही "सहज" आत गेलो. कपाट उघडण्यापूर्वी त्याने खिशातून रुमाल काढून दाराची मूठ स्वच्छ पुसली. आतली बटणेही पुसली. एवढी नटवी टापटीप कशाला, असे मला वाटले. मग त्याने खण वाचला. कोरा! दिवा हिरवागार!

मालक ओरडले, "अरं तिच्या! काल सांजच्यापर्यंत लाल व्हता! रफीकभाय, तुमचा नुसता हात लागला अन् दिवा हिरवा!"

त्यांनी रफीकला पेरूंची एक पेटी दिली. निघताना मला पाहून म्हणाले, "तात्या, तुमी बी घ्या की." आणि एक पेरू हातावर ठेवला. तोही जरा कच्चाच होता.

*

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी पुढची तीन वर्षे आठची एसटी पकडली!

प्रत्येक वेळी वाटे, आज तरी तो गोंधळेल. प्रत्येक वेळी दोष मी वाची, मी काढी. आणि दहा वाजता तो रुमालाने मूठ पुसून कोरा खण वाची. "रफीकभायच्या हाताला गुण हाय" ही कीर्ती बारामतीपासून इंदापूरपर्यंत पसरली. ती माझ्या हातांनी पसरली, हे सांगायची सोय नव्हती. कारण मग दहाच्या आधी मी तिथे काय करत होतो, हेही सांगावे लागले असते!

*

माझ्या चुकांचाही एक किस्सा सांगतो. नाहीतर परडी एका बाजूला कलेल.

बारामतीतल्या एका डेअरीच्या कार्यालयात मी लाइन लावून दिली. चाचणीसाठी एक कळ असते. ती वर केली की आपलाच आवाज वळून आपल्याच कानात येतो. चाचणी झाली की ती खाली करायची. मी एका फोनसाठी ती खाली करायला विसरलो. तो फोन नेमका मॅनेजरसाहेबांचा! हे गृहस्थ फोनवर अतिशय तापट.

त्यांनी फोन उचलला. "कोण बोलतंय?" पलीकडूनही "कोण बोलतंय?" "आधी तू सांग!" "आधी तू सांग!" "तोंड सांभाळून बोल!" "तोंड सांभाळून बोल!"

अर्ध्या तासाने त्यांनी आमच्या वर्कशॉपला दुसऱ्या फोनवरून तक्रार केली, "लाइन उत्तम आहे. पण समोर जो माणूस बसवला आहे, तो फार उर्मट आहे!"

वैशालीताईंनी विचारले, "ही कळ कुणी वर ठेवली?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात रफीक म्हणाला, "मी बघून आलो व्हतो ताई तितं. माझ्याकडनंच ऱ्हायली असंल."

तो तिथे फिरकलाही नव्हता. माझी चूक त्याने अंगावर घेतली. दुसऱ्या कुणाचे डोळे पाणावले असते. मला मात्र पहिला विचार हाच आला, की घ्या! आता चांगुलपणातही हा पुढे!

*

एकदा तर मी त्याचा तक्ता चोरला. होय, चोरला. शेळगावच्या कपाटाच्या दारावरचा त्याचा पुठ्ठा आरतीच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर उतरवून घेतला आणि बारामतीतल्या एका हॉटेलच्या कपाटात तसाच्या तसा भरला. म्हटले, पाहू या याच्या तक्त्यात असे काय आहे!

लाइन लागली, पण बोलण्यात सारखी कडकड. मी सोळाही उपचार पुन्हा केले. कडकड तशीच! शेवटी रफीकला बोलवावे लागले. त्याने एक खण पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि एक आकडा बदलला. कडकड बंद!

मग हळूच म्हणाला, "तात्या, शेळगावची तार लई लांबची. म्हणून तितं चिपला जोरात हाक मारायला लावलीय. हितं तार भिंतीपल्याडनंच येती. जवळच्याच्या कानात वरडल्यावर त्यो दचकंल न्हाय तर काय!"

शेळगावचे नाव मी काढलेच नव्हते. त्याने मात्र अचूक काढले. आणि कुठून उतरवले, हे एका शब्दानेही विचारले नाही.

*

हे सगळे मी घरी सांगत नाही. पण आमच्या सौभाग्यवतींना न सांगता कळते. एका सकाळी मी पूजेला बसलो असता त्यांनी मागून विचारले, "रोज एवढा वेळ देवाकडे मागता तरी काय?"

मी म्हणालो, "समबुद्धी. सर्वांभूती सारखा भाव."

त्या म्हणाल्या, "बरं. ती मिळेपर्यंत रफीकभाऊंना एकदा जेवायला बोलवा. त्यांनी सुप्याहून हरभऱ्याचा पाला पाठवला आहे, त्याची भाजी केली आहे."

भाजी उत्तम होती. मी दोनदा वाढून घेतली. तेवढ्यापुरता मत्सर बाजूला बसला होता.

*

मग यंदाच्या दसऱ्याच्या आधीचा आठवडा आला. इंदापूरच्या एका दवाखान्यात लाइन तुटू लागली. दवाखाना म्हणजे खेळ नव्हे. रात्रीअपरात्री डॉक्टरांना बोलावायचे ते त्याच फोनवरून. वैशालीताई म्हणाल्या, "उद्या दहा वाजता मी स्वतः येते. तात्या, रफीकभाई, तुम्ही दोघंही या. ज्याच्या हातून हे काम होईल, त्याचा तक्ता दसऱ्याला पाटावर."

त्या रात्री मी देवापुढे बसून ठरवले, की उद्या आठची एसटी पकडायची नाही. दहालाच जायचे, आणि जे होईल ते सर्वांसमक्ष होऊ द्यायचे.

सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी मी एसटीत होतो.

दवाखान्यात कपाट उघडले. खण वाचला. एक नाही, तीन खुणा! दिवा हिरवा झाला. आता तरी उठावे. खण कोरा आहे, दोष आत जिवंत आहे. ताईंसमोर रफीक वाचील, "काही नाही" म्हणेल, दुपारी लाइन पुन्हा तुटेल, आणि मग मी येऊन ती लावीन. तक्ता माझा!

दारापर्यंत गेलोही. बाहेर बाकावर एक बाई तान्हे मूल घेऊन बसली होती. टेलिफोनच्या खिडकीतली मुलगी तिला सांगत होती, "मावशी, डॉक्टरांना फोन लावतेय, पण मधीच तुटतोय हो."

मी परत फिरलो. एक्स्चेंज स्वतःच्याच ठोक्यावर चालत होते. त्याने तारेवरून येणारा ठोका घ्यायला हवा होता. तो खण बदलला. गंजलेली जोडणी घासली. मग सोळाही खण एकेक करून पहिल्यापासून पुन्हा भरले. त्या दिवशी डोळे मिटायचे मी विसरलो. खिडकीतून आवाज आला, "लागला! मावशी, डॉक्टर निघालेत!"

दहा वाजता ताई आणि रफीक आले. मी बाहेरून आल्यासारखा त्यांच्या मागे उभा राहिलो. रफीकने रुमाल काढला. मूठ पुसली, बटणे पुसली, कपाट उघडले. दिवा हिरवा. खण कोरा.

ताई म्हणाल्या, "कमाल आहे! रफीकभाई, तुमचा तक्ता ठरला."

रफीक काहीतरी बोलणार होता. मी त्याला बोलू दिले नाही. "अभिनंदन!" म्हणालो.

*

दसरा. वर्कशॉपमध्ये झेंडूची तोरणे, पाटावर सोल्डरिंग आयर्न, मीटर, पक्कड, आणि मधोमध रफीकचा तक्ता. पूजा सांगायला अर्थात मीच! ज्याच्यावर माझे नाव असायला हवे होते, त्या पुठ्ठ्यावर मी माझ्या हाताने गंध लावले, अक्षता वाहिल्या, आपट्याचे पान ठेवले. मंत्र स्पष्ट म्हटले. कुणाला काही कळले नसावे.

वैशालीताई म्हणाल्या, "रफीकभाई, दोन शब्द बोला. हा गुण तुमच्या हातात आला कुठून?"

रफीक उठला. टोपी सारखी केली. म्हणाला, "ताई, खरं सांगू? माझ्या हातात गुणबिण काय न्हाय. मी पोचायच्या आधी कुणीतरी येऊन सगळं नीट करून जातं. मी आपला हिरवा दिवा बघून माघारी येतो."

कुणी हात जोडले. ताईंचे डोळे भरून आले. त्या माझ्याकडे वळल्या. "तात्या, तुम्ही जन्मभर देवाचं करता. तुम्हीच सांगा, कोण येत असेल हो?"

माझ्या हातात आरतीचे तबक होते. मी निरांजनाची वात सारखी केली.

"आधी आरती करून घेऊ," मी म्हणालो.

आरती झाली. सोने वाटताना रफीक माझ्याजवळ आला, वाकून पाया पडला आणि आपट्याच्या पानासोबत हातात काहीतरी मऊ दिले. त्याचा तोच रुमाल होता. धुतलेला, घडी घातलेला. पण मधोमध बोटाबोटाएवढे केशरी डाग तसेच राहिलेले. अष्टगंधाचे डाग धुण्याने जात नाहीत.

"तात्या," तो कानाशी म्हणाला, "परवा धा वाजता शेळगावला जायाचं हाय. तुमी आठाला निघताना ह्यो संगं ठेवा."